नदीपलीकडची तार

फार जुन्या काळी एका नदीच्या दोन काठांवर तारकसांचे दोन कारखाने होते. पोलादी पट्टीच्या छिद्रांतून सोने ओढून तार काढायची आणि दर वर्षी आदल्या वर्षापेक्षा बारीक काढायची, यात दोघांची चढाओढ चाले. ज्याची तार बारीक, त्याला राजवस्त्राचे काम. कित्येक पिढ्या तो मान अलीकडच्या काठाकडेच होता.

तिथला सर्वांत जुना कारागीर रेवणा. थोरले मालक त्याच्या शेजारी मांडी घालून स्वतः तार ओढत. ते गेले आणि कारभार त्यांच्या जावयाकडे, चंद्रसेनाकडे आला. चंद्रसेन बोलायला गोड, दरबारात त्याची छाप पडे; पण पट्टीला त्याने कधी हात लावला नव्हता. तार तुटली की तो दारातूनच विचारी, "नवी कधी होईल?" का तुटली, हे विचारले असते तर सांगण्यासारखे रेवणाकडे पुष्कळ होते.

पुढे पलीकडची तार बारीक निघू लागली. चंद्रसेन म्हणाला, "रेवणाकाका, त्यांचं गुपित काढून आणा."

रेवणा होडीने पलीकडे गेला. तिथली मालकीण लिंबाई कारागिरांतच बसली होती. एक तुटलेली तार उजेडात धरून ती एकाला विचारत होती, "तापायला कमी पडली, की छिद्राची कड झिजलीय?"

"कड झिजलीय, बाई."

"आण इकडे. दोघं मिळून घासू."

रेवणा नकळत पुढे सरकला. असे बोलणे ऐकून त्याला वीस वर्षे झाली होती.

लिंबाईची नजर त्याच्या बोटांवरच्या वळांकडे गेली. "तुम्ही तारकस दिसता. राहा इथंच."

"माझं गाव पलीकडं आहे, बाई," एवढे बोलून तो परतला.

"गुपित काही नाही, मालक," त्याने चंद्रसेनाला सांगितले. "त्यांची बाई पट्टीशी बसते. तुम्हीही बसा, मी शिकवतो."

चंद्रसेन हसला. "मी धनी आहे, काका. ते काम तुमचं."

त्या वर्षी राजवस्त्र पलीकडे गेले. मग एकेक कारागीर होडीत बसला. भट्ट्या विझल्या. सर्वांच्या शेवटी रेवणा निघाला.

लिंबाईने त्याला आपल्या शेजारी जागा दिली. उतारवयात त्याच्या हातून जन्मातली सर्वांत बारीक तार निघाली. सगळ्यांनी ती वाखाणली. तो मात्र ती घेऊन घाटावर गेला आणि आपल्या काठाकडे पाहत बसून राहिला. ही तार तिकडेही निघाली असती.

तात्पर्य: ज्या धन्याला काम कळत नाही आणि समजून घ्यायचेही नसते, त्याच्या दारातून आधी कारागीर जातात, मागोमाग कीर्ती.