पलीकडच्या बाईची अंगठी

पिंपळखोऱ्यात ज्या घरचा माणूस फौजेत आहे, तिथल्या बाईच्या बोटात लोखंडाची अंगठी दिसते. मोडक्या फाळाच्या तुकड्यातून गावचा लोहार ती घडवतो. सध्याचे लोहार विसोबा त्यामागची कथा पाहुण्यांना सांगतात.

जर्मनीशी पहिले मोठे युद्ध चालले होते. इथल्या राहीचा नवरा हैबती फ्रान्सला लढत होता. चार महिने खुशाली नव्हती. एके दुपारी फौजेच्या टपालाने पुडके आले. आत चिठ्ठी नाही, नुसती काळी लोखंडी अंगठी, वर अनोळखी अक्षरे.

"गेला माझा हैबती! त्याचीच खूण धाडली," म्हणत सासूने ऊर बडवला. भावकीने ठरवले, अमावास्येला राहीच्या बांगड्या फोडायच्या.

राही दाराला कान लावून बसायची. दाराशी पाऊल वाजले तरी दचकायची. शेवटी ती अंगठी मुठीत धरून साताऱ्याच्या मिशन दवाखान्यात चालत गेली, म्हणे. तिथल्या मडमेला जर्मन येत होते.

"'सोने दिले, लोखंड घेतले', असं लिहिलंय," मडम म्हणाली. "तिकडच्या बायका लढाईसाठी दागिने देतात. त्यांना बदल्यात मोडीच्या लोखंडाच्या अंगठ्या मिळतात."

"म्हंजी ही वैऱ्याच्या बायकोची?"

"असेल. निघताना नवऱ्याला दिली असेल."

एक भीती उतरली, तोच दुसरी छातीवर बसली. ही हैबतीच्या हाती आली कशी? ती बाईही अशीच दाराला कान लावून बसली असेल का?

राही थेट गावदेवीपुढे गेली. आपली सोन्याची अंगठी तिने देवीला वाहिली आणि लोखंडाची घातली. "आई, माझा येऊ दे. हिचाबी येऊ दे."

"वैऱ्यासाठी मागतीस?" सासू कडाडली.

"आत्याबाई, भ्या तिलाबी वाटतच आसंल की."

अमावास्येला तिने बांगड्यांना हात लावू दिला नाही.

दीड वर्षाने हैबती लंगडत परतला. तोफगोळ्याच्या खड्ड्यात एका जखमी जर्मनाने दिवसभर त्याचा हात घट्ट धरला होता, म्हणे. मरताना त्याने अंगठी काढून दिली, बायकोला पोचव अशी खूण केली. पुढे हैबतीही जखमी होऊन बेशुद्ध पडला, आणि इस्पितळवाल्यांनी त्याची वस्तू समजून ती त्याच्याच घरी धाडली.

ऐकून राहीने त्या बाईचे नाव-गाव विचारले; हैबतीला ते ठाऊक नव्हते. नवरा परतला तरी ती अंगठी तिने जन्मभर काढली नाही, असे सांगतात.

आजही इथला जवान निघाला की त्याची बायको देवीपुढे लोखंडाची अंगठी घेते. पलीकडे कोण आहे, कुणालाच ठाऊक नसते. तरी "तिचाही येऊ दे" म्हटल्याशिवाय बायका ती बोटात घालत नाहीत.