खिंडीची राणी आणि दोन सम्राट

फार फार पूर्वी, ढगांनाही दम लागावा एवढ्या उंचीवर एक इवलंसं राज्य होतं. पूर्वेला एक बलाढ्य सम्राट, पश्चिमेला दुसरा, आणि दोघांच्या मधली एकुलती एक खिंड या राज्याची. राणी तरुण होती, मांडीवर तान्हं लेकरू होतं. सम्राटांचं वैर पेटल्यापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

एक दिवस पूर्वेचा दूत आला. म्हणाला, "आमचे शिपाई तुमच्या खिंडीत उभे करू द्या. मग तुमच्याकडे कुणी डोळा वर करून बघणार नाही. फक्त खिंडीतून कोण जाणार, ते आम्ही ठरवू."

राणीने लेकराला छातीशी धरलं. सासूला म्हणाली, "आत्याबाई, हो म्हणून टाकू का? निदान बाळ तरी सुखरूप राहील."

"राहील की!" सासू म्हणाली. "पण उद्या तुला माहेरी जायचं झालं, तर त्या शिपायाला विचारून जा हो."

राणीला एवढ्या भीतीतही हसू आलं. तिने नकार कळवला.

मग सम्राट स्वतःच आला. हत्तींच्या पावलांनी कडे हादरले, भाल्यांचं रानच उगवलं. राणी बाळाला कडेवर घेऊन खिंडीत उभी राहिली. ती जागची हलली नाही.

"बाई, एका फुंकरीत उडवीन तुझं राज्य!" सम्राट गरजला.

"उडवाल, महाराज. पण तुमचा मुलगा पश्चिमेच्या कैदेत आहे ना? त्याच्या सुटकेचं बोलणं कुठे करणार? तो राजा तुमच्या दारी यायचा नाही, तुम्ही त्याच्या दारी जायचे नाही. खिंड माझी आहे, तोवरच दोघांना बसायला जागा आहे."

सम्राट हत्तीवरून उतरून पुढे आला. "तो... येईल?"

"मी बोलावलं तर येईल. मी कुणाची बटीक नाही, हे त्यालाही ठाऊक आहे."

आणि काय नवल! पश्चिमेचा सम्राट खरंच आला. खिंडीची रीत अशी, की पाहुण्याने आधी शस्त्र धान्याच्या कणगीत ठेवायचं, मगच त्याला पाणी मिळायचं. ज्यांच्या नावाने पृथ्वी कापायची, त्या दोघांनी आपापल्या तलवारी मुकाट कणगीत ठेवल्या. दोन्ही सैन्यं श्वास रोखून बघत होती. एवढे हत्ती, पण एकाचाही कान हलला नाही.

तह झाला. खिंडीतून एक हडकुळा राजपुत्र चालत आला, आणि पूर्वेचा सम्राट पडलेला मुकुट तसाच टाकून, अनवाणी, त्याच्याकडे धावत सुटला.

तात्पर्य: राज्य लहान असो की मोठं, जे आपल्या दाराचं मालक असतं, त्याच्याच शब्दाला जगात वजन येतं.