फार्सालसचे रणांगण

ग्रीस देशातल्या फार्सालस गावी एकदा एक वृद्ध गुरू राहत होते. गावाजवळच्या मैदानात दोन रोमन सेनापती एकमेकांशी लढले आणि रोमचे भवितव्य ठरले, त्याला वीस वर्षे झाली होती. रणांगण पाहायला लांबून माणसे येत. गुरुजी प्रत्येकाला टेकडीमागचा खडकाळ माळ दाखवत. गावातले सगळेच तसे करत. त्या माळावर लढाई कधी झालीच नव्हती.

गुरुजींच्या तरुण शिष्याला हे खोटे असह्य होई.

एके दिवशी एक रोमन व्यापारी आला. माळ पाहून वैतागला. "म्हातारबुवा, इथं घोडदळ धावलं? इथं बकरी धड उभी राहायची नाही! आमच्या लढाईमुळे तर जग तुमचं गाव ओळखतं."

"त्याआधी आम्ही एकमेकांना ओळखत होतो," गुरुजी म्हणाले. "तेवढ्यावर भागत होतं."

शिष्य शरमला. सत्य शिकवणारा माणूस खोटे बोलतो, वर थट्टाही करतो! त्याने व्यापाऱ्याला वाटेत गाठले आणि खरी जागा दाखवली. ते विधवा थिआनोचे शेत होते.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याचे मजूर कुदळी घेऊन आले. त्या लढाईतल्या गंजक्या तलवारींना रोममध्ये मागणी होती. गहू ओंबीवर आला होता. थिआनो त्यांच्या वाटेत आडवी पडली, तर त्यांनी तिला उचलून बाजूला ठेवले. संध्याकाळपर्यंत शेताची चाळण झाली.

"गुरुजी, मी फक्त खरं सांगितलं!" शिष्य रडकुंडीला आला.

"सांगितलंस. तो कशासाठी विचारतो, ते विचारलंस? लढाईच्या साली दोन्ही सैन्यांनी गावाचा गहू कापून नेला. त्या हिवाळ्यात थिआनोची दोन लेकरं भुकेनं गेली. ती कुठं पुरली, हे वीस वर्षांत एकाही पाहुण्यानं विचारलं नाही. विचारलं असतं, तर मी स्वतः हात धरून नेलं असतं."

शिष्य शेतावर गेला. थिआनो खड्ड्यांत माती लोटत होती. तो शेजारी वाकला.

"जा बाबा," ती म्हणाली. "अजून कुणाला काही दाखवायचं राहिलं असेल."

तो गेला नाही. तो माती लोटत राहिला.

इतिहासाकडे बोट दाखवताना ते कुणाच्या ताटाकडे वळले आहे, हे आधी पाहावे.