बाईंचं पिवळं पान

पाखरांच्याही शाळा भरायच्या, त्या काळची गोष्ट. पानं शिवून घरटं करणाऱ्या शिंपीणबाई पिल्लांना टाके घालायला शिकवायच्या. ‘तुम्ही शिकता, तेवढंच मीही तुमच्याकडून शिकते हो,’ असं येताजाता म्हणायच्या, आणि म्हणताना त्यांना स्वतःचंच कौतुक वाटायचं.

एकदा टिपकी नावाच्या पिल्लानं विचारलं, ‘बाई, पिवळं पान गळून पडेल ना? हिरवं शिवू?’

‘पिवळं चटकन वळतं. तू मला शिकवू नकोस!’ बाई खेकसल्या.

टिपकी मोठी झाली. तिनं आपलं घरटं हिरव्या पानातच शिवलं.

मग एके दिवशी सोसाट्याचा वारा सुटला. बाईंचं पान देठापासून गळालं आणि आतली अंडी फुटली. टिपकी उडत आली.

‘बाई, अजून पिवळंच?’ ती रडवेली झाली. ‘मला वाटलं, तुम्ही आमच्याकडून शिकता.’

बाईंना मान वर करवेना.