बिनटिंबांचं वाचन

"मग येत्या शनिवारी मीच वाचू ना, काका?"

मेनाशेने रहमीमकाकांना गळ घातली. अष्टागरातल्या त्या लहानशा सिनेगॉगचे ते हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारे. चाळीस वर्षं दर शनिवारी तोरा, ही ज्यूंची धर्मपोथी, त्यांनीच वाचली. आता त्यांचा आवाज पार बसला होता, आणि उरलेल्या दहाबारा घरांत दुसरा वाचणारा नव्हता.

मेनाशेने टॅब पुढे सरकवला. गडी सहा महिने त्यालाच चिकटून बसला होता.

"हे बघा. हजार वर्षांपूर्वीची पोथी! दोन बोटं फाकवली की अक्षर पापडाएवढं होतं. लिहिणाऱ्यानं कुठं शाई खरवडली, तेही दिसतं. तुम्ही तरी पाहिलंत का असं कधी?"

"नाही बाबा. आम्ही आपले अडाणी."

मेनाशेला ते खरंच वाटलं. आता काय म्हणावं!

"अशा किती बघितल्यास?"

"चाळीसेक. घरबसल्या."

काका उठले. शिकवण्यासाठी ठेवलेली जुनी गुंडाळी त्यांनी आणून मेजावर उलगडली. कातड्यावर हाताने लिहिलेली तोरा. तिला बोट लावायचं नसतं, म्हणून त्यांनी चांदीची काडी त्याच्या हातात दिली.

"वाच."

मेनाशेने घसा खाकरला. पहिला शब्द कसाबसा निघाला. दुसऱ्यावर काडी अडली.

"काका… यात टिंबं नाहीत."

पडद्यावरच्या पोथ्यांत हिब्रू अक्षरांना टिंबं-रेघा होत्या, आपल्या काना-मात्रांसारख्या. इथे नुसती अक्षरं. लहानपणापासून दर शनिवारी त्याने गुंडाळी लांबूनच पाहिलेली, आत कधी डोकावला नव्हता. त्याने त्या एका शब्दाचे तीन उच्चार करून पाहिले. तिन्ही वेळा काकांनी नकारार्थी मान हलवली.

मेनाशेची कानशिलं तापली. सहा महिने पाण्यात गेले होते आणि शनिवार चार दिवसांवर आला होता.

"गुंडाळीत टिंबं कधीच नसतात," काका म्हणाले. "नेमच आहे तो."

"मग आधी सांगायचं नाही का!"

"तू विचारलंस कुठं? दाखवतच होतास की."

"आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला कसे लागले रे?" काकांनी विचारलं.

"गलबत फुटून."

"आणि पोथ्या?"

"बुडाल्या सगळ्या."

"मग उरलं काय?"

"शेमा. तेवढी एक प्रार्थना."

"म्हण."

मेनाशेने रीतीप्रमाणे उजव्या हाताने डोळे झाकले. शेमा इस्राएल… सगळी प्रार्थना सुरात आली, कुठेही अडखळली नाही. हात खाली घेतला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. का, ते त्याचं त्यालाच कळेना.

"यातली टिंबं कोणी भरली?"

"आईनं… मला झोपवताना म्हणायची."

मग तो ओशाळून म्हणाला, "पण काका, तिला तर हिब्रूचं एक अक्षर वाचता येत नाही."

काकांनी त्याचा काडीचा हात धरून दुसऱ्या शब्दावर टेकवला. बसक्या आवाजात तो शब्द एकदा म्हणून दाखवला. मेनाशेने तो ऐकून तसाच म्हटला.

"शनिवारी तिच्यासारखं वाच."