सरकारांच्या गॅरेजातला दिवा

"तार वरून न्यायची नाही, जमीन खणायची नाही आणि भिंतीला खिळा मारायचा नाही. पण खंडेनवमीला आमच्या गॅरेजात दिवा लागलाच पाहिजे," दादासाहेब सरकारांनी हुकूम सोडला.

ऐकून भिकाजी पांचाळ वायरमनच्या हातातली पक्कड गळून पडली. अंजनवाडीचं संस्थान कधीच गेलं होतं, पण सरकारांच्या मिशा आणि हुकूम शाबूत होते. बंगल्यात वीज होती. उताराला, साठ पावलांवर घोड्यांची जुनी पागा होती. तिथं आता सरकारांची मोटार उभी असे आणि भर दुपारीही काळोख असे. गेल्या वर्षी त्या काळोखात गुरुजींनी मोटारीच्या पाठीलाच हळदकुंकू वाहिलं. तेव्हापासून ती फक्त उलटीच नीट चालते, असं सरकारांचं ठाम मत होतं.

"सरकार, तार वरून नेली तर..."

"आमच्या अंगणात धुणं वाळत घालायचं नाही."

"मग चर खणून?"

"आजोबांनी लावलेली हिरवळ आहे. कुदळ दिसली तर याद राख."

"आवाराच्या भिंतीवरून?"

"भिंतीवर आजोबांनी हत्तींची मिरवणूक रंगवून घेतलीय. हत्तीच्या पोटातून वायर काढतोस?"

भिकाजी वैतागला. "मग वीज काय पायी चालत जाईल, सरकार?"

झालं! बोलून बसला बिचारा. सरकारांनी मिशीवरून हात फिरवला. "जीभ फार चालते तुझी. दिवा लागला नाही, तर तुझी हत्यारांची पेटी यंदा आमच्या देवघरात पुजली जाईल, आणि तिथंच राहील."

हत्यारंच गेली तर कारागिराने पोट कशावर भरायचं? भिकाजी घरी येऊन जेवलाही नाही. बापाच्या हाताखाली वायरिंग शिकलेली त्याची लेक सुगंधा सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "बाबा, उद्या मी येते."

सकाळी तिने बंगल्याभोवती फेरी मारली आणि पागेत डोकावली. कोपऱ्यात एक दगडी डोण होती, तीत जुने टायर रचलेले. तिने सरळ सरकारांनाच विचारलं, "सरकार, तुमच्या आजोबांचे घोडे पाणी कुठं प्यायचे?"

आजोबांचं नाव निघालं की सरकारांना स्वर्ग दोन बोटं उरे. "त्या डोणीत! बंगल्याच्या टाकीतून आजोबांनी जमिनीखालून लोखंडी नळ टाकला होता. मनगटाएवढा जाड."

"आणि आता?"

"घोडे गेले, नळ बंद झाला. असेल तिथंच पडून."

सुगंधाने टाकीजवळचं नळाचं झाकण काढलं. बाटलीच्या बुचाला रिळाचा दोरा बांधला आणि बूच आत सोडलं. "बाबा, ओता पाणी."

पाच बादल्या झाल्या, दहा झाल्या, काही नाही. सरकार देवघरात पेटी कुठं ठेवायची ते नोकराला सांगू लागले. चौदाव्या बादलीला पागेतून ड्रायव्हर ओरडला, "आलं, बूच आलं!"

दोऱ्याला सुतळी बांधली, सुतळीला दोरी. नळातलं पाणी निथळून गेल्यावर दोरीमागून जाड वायर सरसर ओढून घेतली. खंडेनवमीच्या सकाळी सरकारांनी स्वतः बटण दाबलं. दिवा लागला आणि गुरुजींना मोटारीचं नाक सापडलं.

पण सरकारांना हार मानवेना. "अट मोडलीस, पोरी. वायर आमच्या हिरवळीखालून गेलीय."

"कुदळ लागली का, सरकार?"

"नाही."

"हत्तींना धक्का?"

"नाही, पण..."

"मग मी केलं काय? विजेची वाट तुमच्या आजोबांनीच करून ठेवली होती. मी फक्त झाकण काढलं. यात काही चुकलं असेल, तर आजोबांचं चुकलं असं म्हणू का?"

आजोबांचं चुकलं म्हणायची सरकारांची छाती नव्हती. मग ते एकदम खदाखदा हसत सुटले, इतके की डोळ्यांना पाणी आलं. त्यांनी भिकाजीची पेटी उचलून पूजेच्या पाटावर आपल्या तलवारीशेजारी ठेवली. "गुरुजी, आधी या पेटीला कुंकू लावा. आणि उद्या दसऱ्याला ही आमच्या मोटारीतून घरी जाईल."

दुसऱ्या दिवशी मोटार पांचाळ आळीत शिरली. पेटी मांडीवर घेऊन भिकाजी मागे, सुगंधा पुढे, आणि मोटारही सुलटी!