चाकाखालचं लिंबू

एक होता चिटकू उंदीर. इतकुसा. तुमच्या अंगठ्याएवढा. नाही, त्याहून जरा लहानच. तुमचा अंगठा चोखून चोखून फुगलाय.

चिटकू राहायचा लिंबाजीमामाच्या अंगणात, एका बिळात. लिंबाजीमामा ट्रक चालवायचा. अंगणात मोठ्ठा ट्रक. ट्रकशेजारी एक फळी. फळीवर मामाची हत्यारं. आणि फळीच्या अगदी खाली, ट्रकच्या पोटाला एक लोखंडी पेटी.

एकदा सकाळी चिटकूची आई पेटीत शिरली. पेटीत मऊ चिंध्या होत्या. चिटकूच्या अंथरुणाला हव्या होत्या.

तेवढ्यात मामा आला. झाकण लावलं. धाड.

कडी गंजलेली. लागेना. मामानं हातोडा घेतला. ठाक ठाक ठाक. लागली. मामा सगळं हातोड्यानंच करतो. मग हातोडा दिला फेकून फळीवर. जागेवर ठेवेल तर मामा कसला.

पेटीतून आवाज आला. चीं.

मामाला ऐकू आलं नाही. चिटकूला आलं. आता ट्रक जाणार. लांब लांब जाणार. आई पण जाणार.

चिटकू पळाला. तुरूतुरू तुरूतुरू.

"पेटीताई, पेटीताई, आई भेटेना. झाकण उघड."

पेटी म्हणाली, "कडी सरकली तर उघडेन. नाही तर नाही."

ठुम्म. ठुम्म. हा कसला आवाज? मामा दांड्यानं टायर ठोकतोय. निघायच्या आधी ठोकतोच. हवा आहे का ते ऐकतो. टायर सहा. मामाला मोजता येतं पाचपर्यंत. म्हणून एक टायर ठोकायचा राहतोच.

चिटकू पळाला. तुरूतुरू तुरूतुरू.

"कडीमावशी, कडीमावशी, झाकण उघडेना, आई भेटेना. तू सरक."

कडी म्हणाली, "मी गंजलेय. तेल गळलं तर सरकेन. नाही तर नाही."

चुई चुई. चुई चुई. मामा काच पुसतोय. पेटीतून आवाज आला. चीं. आता जरा बारीक.

चिटकू फळीवर चढला. तुरूतुरू तुरूतुरू.

"बुधलीआजी, बुधलीआजी, कडी सरकेना, झाकण उघडेना, आई भेटेना. तेल गाळ."

तेलाची बुधली म्हणाली, "माझं बूच घट्ट बसलंय. पकड सुटली, तिनं बूच ओढलं, तर गाळेन. नाही तर नाही."

धप्प. मामानं ट्रकचं दार उघडलं. चिटकू फळीवरच पळाला. तुरूतुरू तुरूतुरू.

"पकडकाकू, पकडकाकू, तेल गळेना, कडी सरकेना, झाकण उघडेना, आई भेटेना. तू सुट."

पकड म्हणाली, "कशी सुटू? पाठीवर हा धोंडा पडलाय. हातोडा उठला तर सुटेन. नाही तर नाही."

पेटीतून आवाज आला. ची. अगदी बारीक. तुम्हाला आला का ऐकू? कान धुवा.

"हातोडेबुवा, हातोडेबुवा, पकड सुटेना, तेल गळेना, कडी सरकेना, झाकण उघडेना, आई भेटेना. तुम्ही उठा."

हातोडा घोरत होता. एक डोळा उघडला. म्हणाला, "मामानं उचललं तर उठेन. नाही तर नाही." आणि परत घोरायला लागला.

मामा कुठे? मामा पुढच्या चाकापाशी वाकला होता. चाकाखाली लिंबू ठेवत होता. पिवळं, गोल. मामाची गाडी लिंबाशिवाय हलत नाही. आधी लिंबू. मग चाक. मग फच्च.

लिंबू ठेवून मामा वर चढला. चिटकू धावला. पण मामाचे जोडे उंच. चिटकूचा आवाज खाली.

घर्रर्र. घर्रर्र. ट्रक चालू झाला. जमीन हलली. चिटकू हलला. चाक होतं मोठ्ठं. काळं. चाकाखाली लिंबू थरथरत होतं.

"लिंबूदादा, लिंबूदादा, हातोडा उठेना, पकड सुटेना, तेल गळेना, कडी सरकेना, झाकण उघडेना, आई भेटेना. तू तरी काही कर."

लिंबू म्हणालं, "मी काय करू? मला पाय नाहीत. मी आता फच्च होणार. कुणी ढकललं तर घरंगळेन. नाही तर नाही."

कुणी ढकललं तर.

चिटकूनं इकडे बघितलं. तिकडे बघितलं. कुणी नव्हतं. चिटकूच होता.

चिटकू चाकाखाली शिरला. डोळे मिटले. नाक लावलं. ढकललं. हलेना. परत ढकललं. हलेना. मग पाठ लावली, आणि घरंगळ. घरंगळ घरंगळ घरंगळ. लिंबू फळीखाली. थेट बिळात.

मामानं खिडकीतून वाकून बघितलं. निघायच्या आधी बघतोच. लिंबू नव्हतं.

घर्रर्र बंद.

मामानं हाक मारली, "चांगुणे, लिंबू कुणी नेलं?"

चांगुणामामी दारात आली. "तुम्हीच सरबत केलं असेल."

मामा खाली उतरला. ट्रकखाली बघितलं. जोड्यात बघितलं. टोपीत पण बघितलं. मग फळीपाशी आला. "हातोड्याखाली तर नाही?"

मामी म्हणाली, "हातोड्याखाली असतं, तर सरबतच झालं असतं."

पण मामानं हातोडा उचललाच.

हातोडा उठला. पकड सुटली. बूच ओढलं, तेल गळलं. टिप टिप टिप, कडीवर. कडी सरकली. झाकण उघडलं. आणि आई भेटली. चिंध्यांसकट.

आईनं चिटकूला चाटलं. डोकं चाटलं. नाक चाटलं. नाकाला लिंबाचा वास. आई शिंकली.

मामा झाकणाकडे बघत राहिला. "हे मी लावलं होतं ना?" परत लावलं. कडी सुळ्ळकन बसली. हातोडा लागलाच नाही. मामाचं तोंड उघडं ते उघडंच.

आता लिंबू नाही, तर ट्रक हलणार कसा? मामीनं आमटीला ठेवलेला नारळ आणला. "घ्या, फोडा. नाही तर बसाल इथेच माझं डोकं खात."

मामानं नारळ फोडला. कशानं? हातोड्यानंच. ठाक. एक तुकडा उडाला. फळीखाली पडला. थेट बिळापाशी.

पों पों. ट्रक गेला. आई नाही गेली.

चिटकूनं खोबरं खाल्लं. आईनं खोबरं खाल्लं. चिंध्यांचं अंथरूण झालं. एकीकडे आई, एकीकडे लिंबू, मध्ये चिटकू.

मामा अजून विचारतो, लिंबू कुठे गेलं. तुम्ही सांगू नका हां. मी पण नाही सांगितलं.